रिव्हॉल्व्हरमध्ये आधी ढिलं काय पडतं?

भाचा डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड झालं, घर झालं, आता त्याला जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, ते पण मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचं. मित्रांबरोबर रेंजवर जातो, तिथली भाड्याची पिस्तुलं वापरून कंटाळलाय म्हणे. व्हॉट्सॅपवर फोटो टाकले, एक स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९, एक त्याच कंपनीचं ६८६ आणि एक रुगरचं जीपी १००, सगळी सेकंड हँड, आणि खाली लिहिलं, "मामा, तुम्ही मशीनमधली माणसं, यातलं कुठलं जास्त वर्षं टिकेल सांगा की."

आता माझं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लहानसं वर्कशॉप, लूमचे पार्ट करतो, टॅपेट, बुश, शाफ्ट असलं. मॅग्नम कधी हातात सुद्धा धरलेली नाही. कॉलेजात एनसीसीत पालथं पडून पॉइंट २२ ची रायफल चालवली तेवढाच आपला गोळीबार. पण झिजलेलं लोखंड बघून आधी काय गेलंय ते ओळखणे हा माझा धंदा आहे, आणि त्या बाबतीत रिव्हॉल्व्हर आणि पॉवरलूम एकाच पंगतीत बसतात असं मला वाचता वाचता वाटायला लागलं. मग वाचतच सुटलो. बायको म्हणाली काय चाललंय ओ एवढं रात्रीचं मोबाईलमध्ये, आणि स्क्रीनवर एका नळीच्या मागच्या टोकाचा क्लोजअप. काय सांगणार.

तर पहिली गोष्ट. पॉइंट ३५७ मॅग्नम आली १९३५ साली. अगदी नवीन असं काही नव्हतं ते, आधीपासून चालत आलेली पॉइंट ३८ स्पेशल घेतली, तिची पुंगळी, म्हणजे दारू भरायची पितळी नळी, जवळपास एक सूत (इंचाचा आठवा भाग) लांब केली आणि आत जास्त जोराचा माल भरला. पुंगळी लांब कशाला केली, तर हे नवं जोरकस काडतूस जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, शिरूच नये म्हणून. नावातले आकडे वेगळे असले तरी गोळीची जाडी तीच. पण दाबाची मर्यादा बघा, ३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पौंड) आणि ३५७ ला ३५,००० पीएसआय. पुंगळी वाढली सूतभर आणि लोखंडावरचा मार झाला दुप्पट, झिजेची सगळी भानगड इथून सुरू होते.

स्मिथवाल्यांना हे कळत होतं, म्हणून पहिली मॅग्नम त्यांनी आपल्या सगळ्यात मोठ्या सांगाड्यावर बांधली, ज्याला एन फ्रेम म्हणतात. मजबूत होती पण जड. दिवसभर कमरेला लावून फिरणाऱ्या पोलिसाला तेवढं वजन नको होतं. मग बॉर्डर पेट्रोल, म्हणजे अमेरिकेच्या सीमा पोलिसांतला बिल जॉर्डन, तिकडचा नावाजलेला नेमबाज, त्याच्या आग्रहावरून १९५५ साली कंपनीनं तेच काडतूस मधल्या, के फ्रेममध्ये बसवलं. कॉम्बॅट मॅग्नम. पुढं कंपनीनं सगळ्यांना नंबर दिले तेव्हा याचं नाव पडलं मॉडेल १९. दिसायला इतकं देखणं की भाच्याचं मन त्याच्यावर का गेलं ते फोटो बघताच कळलं.

आता हे मशीन झिजतं कसं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कुठलं टिकाऊ हे बोलण्यात अर्थ नाही, नुसतं "रुगर लई दणकट" आणि "स्मिथ नाजूक" असं पारावर बसून बोलल्यासारखं होतं.

पिस्तुलात गोळीचं घर आणि नळी हा एकच तुकडा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये घरं फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये आणि नळी वेगळी, मधे फट. ही फट साधारण चार ते दहा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आमच्याकडचे जुने लेथवाले अजून थाऊमध्येच बोलतात. फट फार कमी ठेवली तर काजळी साचून सिलिंडर अडकतं, जास्त ठेवली तर गरम गॅस बाजूला फुटतो. आणि गोळीच्या दर बाराला सिलिंडरला पुढं-मागं धक्का बसतो, तो धक्का घेणारी तोंडं हळूहळू चेपतात आणि सिलिंडर पुढं-मागं हलायला लागतं. याला आम्ही प्ले म्हणतो. एकदा प्ले आला की धक्का आणखी लांबून येऊन बसतो, म्हणजे चेपणं आणखी वाढतं, म्हणजे प्ले आणखी वाढतो. सुरुवातीच्या दोन थाऊंना वर्षं लागतात, पुढचे चार थाऊ लवकर येतात. बेअरिंग गेलेल्या शाफ्टचं पण हेच असतं.

दुसरं टाइमिंग. घोडा मागं ओढला की एक छोटी बोटासारखी पट्टी वर सरकून सिलिंडर ढकलते, आणि खालून एक खुंटी सिलिंडरवरच्या खाचेत बसून त्याला बरोबर नळीसमोर थांबवते. दोन्ही पार्ट नखाएवढे. सगळ्या ताकदीच्या गप्पा फ्रेमच्या असतात पण आयुष्य ठरतं या नखाएवढ्या पार्टवर. पट्टी झिजली की सिलिंडर पूर्ण फिरायच्या आधी घोडा मागं पोचतो, मग गोळी नळीच्या कडेला घासून आत जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

लूमवाल्याला हे समजवून सांगावं लागत नाही. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाचा त्या टोकाला पोचल्यावरच फणीनं ठोकायचं, त्यात एवढासा उशीर झाला की धोटा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो आणि शेकडो धागे एका फटक्यात तुटतात. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते. बिघडलेला लूम बघायला बोलावलं की ते आधी मोटर बंद करायला लावायचे आणि मग हातानं क्रँक हळूहळू फिरवायचे, एवढं हळू की मालकाचा जीव वर-खाली, आणि फिरवता फिरवता नुसतं बघायचे कोण कुणाच्या आधी पोचतंय. जोरात चालणाऱ्या मशीनमध्ये सगळेच वेळेवर पोचल्यासारखे दिसतात म्हणायचे.

भाच्याला मी हेच करायला लावलं. दुकानदाराची परवानगी घे, सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत का ते स्वतः बघ, मग दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून घोडा अंगठ्यानं अगदी हळू मागं ओढ. घोडा अडकायच्या आत सिलिंडर खटकन लॉक झालं पाहिजे. सहाही घरांना कर, ती पट्टी ज्याला ढकलते तो एकाच घराचा दात झिजलेला असू शकतो. आणि सिलिंडर बंद करताना सिनेमात करतात तसा मनगटाचा झटका देऊ नकोस, त्यानं क्रेन, म्हणजे सिलिंडर ज्याच्यावर लटकतं तो दांडा, वाकतो, आणि आधीच्या मालकाला ती हौस होती का हे पण बघून घे.

आता मॉडेल १९ चं काय झालं ते. के फ्रेम लहान, त्यामुळं नळीचं मागचं तोंड, जिथं गोळी सिलिंडरमधून उडी मारून नळीत शिरते ते नरसाळं, त्याला खालच्या बाजूनं थोडं सपाट कापावं लागलं, नाहीतर क्रेनला जागा मिळत नव्हती. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त मार बसतो नेमकं तिथंच लोखंड पातळ. पंधरा-वीस वर्षं याचा कुणाला त्रास झाला नाही, कारण पोलीस सराव करायचे स्वस्त आणि मऊ ३८ स्पेशलवर, ३५७ फक्त ड्युटीला भरायचे. पुढं सत्तरच्या दशकात असं ठरत गेलं की जे ड्युटीला वापरता त्याच्यावरच सराव करा, जे योग्यच होतं. त्याच काळात हलकी आणि वेगवान १२५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लोकप्रिय झाली. मूळ गोळी १५८ ग्रेनची, साधारण दहा ग्रॅम, ही आठ ग्रॅम. हलकी म्हणजे सौम्य असं आपल्याला वाटतं, झालं उलटंच. ही गोळी आखूड, त्यामुळं ती फट ओलांडून नळीत नीट बसायच्या आत मागून जळती दारू आणि गॅस त्या नरसाळ्यावर येऊन आदळतात. आधी कडा खरखरीत होते, मग बारीक रेषा, मग खालच्या सपाट जागी चीर. चीर गेली की नळीच बदलायची.

म्हणजे रिव्हॉल्व्हर तेच, कारखाना तोच, पोलाद तेच. खुराक बदलला. मला या सगळ्या वाचनातलं सगळ्यात पटलेलं हे आहे, की एखादं मशीन किती टिकेल हे विचारायच्या आधी बनवणाऱ्यानं ते कुठल्या कामासाठी बनवलं होतं हे विचारायला पाहिजे. जॉर्डनला पाहिजे होतं ते कमरेला हलकं आणि वेळेला जोरदार, रोज जोरदार त्यानं मागितलंच नव्हतं. साध्या चादरीच्या लूमवर टॉवेलचा भारी बीम चढवून, स्पीड वाढवून, वर म्हणायचं की लूम खराब निघाला, हे मी अशोक चौकापासून नीलम नगरपर्यंत कितीतरी कारखान्यांत ऐकलंय.

कंपनीनं उत्तर दिलं १९८० साली, एल फ्रेम. मूठ के फ्रेमएवढीच पण पुढचा भाग भरीव, नळीचं तोंड गोल आणि जाड, कुठं कापाकापी नाही. तेच हे ६८६, स्टेनलेसचं. यातल्या सुरुवातीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये ठराविक काडतुसांनी सिलिंडर अडकायचं म्हणून कंपनीनं ती दुरुस्तीला परत बोलावली होती आणि काम झालेल्यांवर क्रेनच्या आत मॉडेल नंबरशेजारी एम असा शिक्का मारला. भाच्याला म्हटलं सिलिंडर उघडून शिक्का आहे का बघ. नवं मॉडेल १९ पण कंपनीनं २०१८ ला परत आणलंय, त्यात ती सपाट जागा काढून टाकली आहे, पण भाच्याच्या फोटोतलं जुनं होतं.

रुगरची गोष्ट मला जास्त जवळची वाटली, त्याला कारण कास्टिंग. बंदुकीचा सांगाडा म्हणजे फोर्जिंगच पाहिजे, तापवून ठोकून केलेलं, अशी जुन्या लोकांची ठाम समजूत. बिल रुगरनं सांगाडे ओतायला सुरुवात केली. मेणाचा नमुना करायचा, त्याच्यावर सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं, आपल्याकडं मूर्ती ओततात त्याच जातीची पद्धत. त्यासाठी न्यू हॅम्पशायरमध्ये पाइन ट्री कास्टिंग्ज म्हणून स्वतःची फाउंड्री काढली. लोक हसले. ओतीव म्हणजे ठिसूळ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आपल्याकडं पण. मला कुणी असं म्हटलं की मी म्हणतो चिंचोळी एमआयडीसीत जाऊन बघा, कारच्या इंजिनातला कॅमशाफ्ट, जो आयुष्यभर घासतच फिरतो, तो सोलापुरात ओतला जातो आणि परदेशी गाड्यांत बसतो. ओतताना साच्यात जिथं झटकन गार करतात तिथलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एवढं कडक होतं की साधं टूल त्याच्यावर घसरतं. ओतीव का ठोकीव यापेक्षा कुठला धातू, किती जाडीचा आणि गार कसा केला याला महत्त्व आहे.

रुगरनं जाडी सढळ हातानं दिली. आणि एक शहाणपणा केला जो मला जास्त आवडतो. स्मिथच्या फ्रेमला उजव्या बाजूला एक झाकण असतं, ते काढून आतलं मशीन बसवायचं. म्हणजे फ्रेमची एक भिंत कापलेली. रुगरनं १९७२ च्या सिक्युरिटी सिक्सपासून झाकणच ठेवलं नाही, आतला सगळा संच खालून चाप-गार्डसकट बाहेर येतो, दोन्ही भिंती भरीव. १९८५ ला जीपी १०० आलं त्यात अजून एक, स्मिथमध्ये सिलिंडरचं पुढचं लॉक इजेक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, लांब दांड्याच्या टोकाला असतं, जीपीमध्ये ते थेट क्रेनवर फ्रेममध्येच बसतं. म्हणजे धरायची जागा धक्क्याच्या जवळ आली. स्मिथनं हेच १९०८ साली ट्रिपल लॉक नावाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये केलं होतं आणि पुढं सोडून दिलं. चांगली गोष्ट सोडून द्यायला कंपन्यांना फार वेळ लागत नाही.

स्मिथच्या त्या इजेक्टर दांड्याची अजून एक गंमत. त्याचे आटे पूर्वी उजवे होते, आणि सिलिंडर फिरतं डावीकडं, त्यामुळं वापरता वापरता दांडा उकलून पुढं यायचा आणि सिलिंडर उघडायचंच नाही. १९६० च्या आसपास त्यांनी आटे डावे केले. आमच्याकडं फिरणाऱ्या शाफ्टवरचा नट कुठल्या आट्याचा हवा हे नवीन पोरगं पहिल्या महिन्यात शिकतं, ते पण नट उडून कपाळाला लागल्यावर.

मग कोल्ट पायथन. भाच्याच्या यादीत नव्हतं कारण जुन्या पायथनची किंमत ऐकून तो गप्प झाला. १९५५ चंच हे पण. याची घडण वेगळी, चाप पूर्ण दाबलेला असताना ती सिलिंडर ढकलणारी पट्टी खाली येत नाही, सिलिंडरला खुंटीवर दाबून धरते. त्यामुळं बार होताना सिलिंडर जराही हलत नाही, तिकडं याला बँकेच्या तिजोरीची उपमा देतात. नेम अचूक का लागतो याचं हे एक कारण. पण मग प्रत्येक बाराचा हिसका त्या पट्टीवर जातो. पट्टी झिजते, टाइमिंग मागं पडतं, आणि ते परत लावायला हातानं कानस मारून जुळवणारा माणूस लागतो. कंपनीत अशी माणसं होती तोपर्यंत पायथन चाललं, साधारण २००५ ला बंद झालं. २०२० ला नवं आणलं ते आतून बदलून, पार्ट कमी करून. पायथनला नाजूक म्हणणं मला अन्याय वाटतो. सर्व्हिसिंग मागणारं मशीन आहे ते, आणि मागच्या पिढीत सर्व्हिसिंग करणारे होते.

इथं मला आमची मिल आठवतेच. मिलचे जुने विलायती लूम भंगारात निघाले ते गल्लीबोळात अजून चालतात, साखर पेठेत, भद्रावती पेठेत, त्यांचा आता मूळचा एक तरी पार्ट शिल्लक असेल का शंका आहे. क्रँक इथला, टॅपेट आमचा, बुश कुणाचं तरी तिसऱ्याचं. चालतात कारण पार्ट गल्लीत मिळतो आणि बसवणारा पलीकडच्या गल्लीत. त्याच काळात आलेले, त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले पण एकाच कंपनीच्या पार्टवर अडलेले लूम मी शेडमध्ये ताडपत्रीखाली बघितलेत. त्यामुळं रुगर का स्मिथ या वादात माझं मत जरा वाकडं आहे. रुगर झिजायलाच वेळ लावतं, मान्य. पण स्मिथ झिजलं तरी अमेरिकेत गावोगावी त्याचं काम येणारे लोक आहेत, दोन थाऊची पातळ वायसर टाकून सिलिंडरचा प्ले काढतात, नवी जाड पट्टी घालून टाइमिंग परत लावतात, आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा नव्यासारखं. त्या वायसरची गोष्ट वाचली तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं म्हणजे जगभर आमच्यासारखेच लोक आहेत.

मोठ्या काडतुसाचं तर उघडंच आहे. पॉइंट ४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस आली, तिच्यासाठी स्मिथचं मॉडेल २९. शिकाऱ्यानं वर्षाला थोडक्या गोळ्या उडवायच्या असा हिशोब. मग सत्तर-ऐंशीच्या दशकात तिकडं पोलादी जनावरांचे पुतळे पाडायचा खेळ वाढला, लांबचा मेंढा २०० मीटरवर, तो नुसता लागून उपयोग नाही, पडला पाहिजे, म्हणून सगळे भरपूर जोराची काडतुसं मारायचे आणि हजारोंनी मारायचे. मॉडेल २९ ढिली व्हायला लागली. हिसक्यानं खुंटी खाचेतून सुटायची आणि सिलिंडर उलटं फिरायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्मिथनं खाचा लांब केल्या, आतली पकड सुधारली, पण तोपर्यंत त्या खेळातले बरेच लोक रुगरकडं आणि डॅन वेसनकडं गेले होते.

डॅन वेसन हा स्मिथ अँड वेसनमधल्या वेसनचाच पणतू, घरच्या कंपनीतून बाहेर पडून १९६८ ला त्यानं स्वतःची काढली. त्याच्या रिव्हॉल्व्हरची नळी मालकाला घरी बदलता येते. नळी स्क्रू करायची, वर बाहेरचं आवरण घालायचं, पुढून नट आवळायचा. आणि सोबत डब्यात काय द्यायचे, तर फीलर गेज! ती पट्टी सिलिंडर आणि नळीच्या मधे घालून फट स्वतः सेट करायची. नळीचं तोंड खराब झालं तर नळी बदल, फट वाढली तर परत लाव, कुणाच्या दारात जायला नको. माझ्या मते या सगळ्या जमातीत डोक्यानं सगळ्यात पुढचा हा माणूस. कंपनी मात्र काही स्मिथ-रुगरएवढी मोठी झाली नाही.

फ्रान्सचं मान्युरिन एमआर ७३ पण वाचलं. १९७३ चं, तिथल्या जीआयजीएन नावाच्या कमांडो पथकानं घेतलं, आणि त्यांचा सराव म्हणजे रोजची फुल मॅग्नम, ३८ वर भागवाभागवी नाही. तेवढं सोसेल असं बनवलं आणि तेवढी किंमत लावली. त्याबद्दल जास्त काही बोलायला नाही, पैसे मोजले की होतंच.

हे सगळं आमच्या तात्यांना सांगत होतो. तात्या मोहोळकडचे ऊसवाले, लायसन्सवालं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आहे त्यांचं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, मधून मोडून उघडणारं, वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं. म्हणाले, "काय करालास बे, गोळ्या उडवून कुणाची बंदूक झिजलीय आपल्यात?" आणि बरोबरच आहे ते. ३२ लाँगचा दाब १५,००० पीएसआय, ३५७ च्या निम्म्याहून कमी. लायसन्सवर काडतुसं मोजकी आणि महाग. तात्यांची दरवर्षी एखादी चाचणी, बास. आपल्याकडं रिव्हॉल्व्हर मरतं ते पडून पडून. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवतात, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला लागतात, दोन पावसाळ्यांत बाहेरून तांबडे ठिपके. वर आपला उन्हाळा. एप्रिल-मेला पारा ४३ च्या वर, आत घातलेलं तेल आटून चिकट गोंदासारखं होतं आणि चाप जड लागायला लागतो. मग निवडणूक लागली की आचारसंहिता, रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा, तिथं ते पडलेलं असतं ते निकाल लागेपर्यंत, पुसणार कोण. तात्यांना म्हटलं म्यानातून काढा, हलका तेलाचा हात फिरवा आणि मऊ कापडात ठेवा. चामड्याचं म्यान फक्त बाहेर पडताना. ते म्हणाले म्यान पोरीनं वाढदिवसाला दिलंय. मग काय बोलणार.

भाच्यानं शेवटी मॉडेल १९ च घेतलं. मी जीपी १०० म्हणत होतो, निदान ६८६. तो म्हणाला मामा, दिसायला हेच भारी आहे. व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून नळीचं तोंड दाखवलं, खाली, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी, चीर नाही, कडा गुळगुळीत. फ्रेमच्या वरच्या पट्टीला, फटीच्या बरोबर वर, गॅसनं कापलेली बारीक रेघ होती, ती बघून तो घाबरला होता, पण ती रेघ ठराविक खोलीपर्यंत जाते आणि तिथंच थांबते, त्याचं एवढं काही नाही. फट सहा थाऊ निघाली. प्ले जवळपास नाही. म्हणजे आधीच्या मालकानं बहुतेक ३८ च खाऊ घातलीय. मी त्याला म्हटलं तू पण तेच कर, ३५७ च्या घरात ३८ चालतेच, फक्त आखूड पुंगळीच्या पुढं घरात काजळीचं कडं जमतं, ते ब्रशनं घासून काढत जा नाहीतर पुढं कधी लांब काडतूस घालायला गेलास तर अडकेल. आणि मॅग्नम कधीतरी मारायचीच असेल तर १५८ ग्रेनची.

एवढ्यावर थांबेल तर भाचा कसला. परवा नवीन फोटो, सिलिंडर टायटॅनियमचं, फ्रेम स्कॅन्डियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची, पाच गोळ्यांचं, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत, आणि तरी ३५७ मॅग्नम. आपल्याकडं २०१४ ला कानपूरनं निर्भीक काढलं ते पण टायटॅनियम मिश्रधातूचं, पण ५०० ग्रॅमचं आणि ३२ बोअरचं, म्हणजे त्या मानानं निवांत. पाच घरांमुळं एक फायदा होतो, लॉकच्या खाचा दोन घरांच्या मधल्या जाड लोखंडावर येतात, सहा घरांच्या कित्येक सिलिंडरमध्ये त्या घराच्या सगळ्यात पातळ भिंतीवर पडतात. पण फ्रेमची ॲल्युमिनियमची वरची पट्टी गॅस सोसत नाही म्हणून तिथं स्टेनलेसचा छोटा पत्रा लावलाय, आणि नळीवरच कोरलंय की १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी घालू नका. एवढ्या हलक्या रिव्हॉल्व्हरला मागं जो हिसका बसतो त्यात सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढं सरकून येऊ शकतात. आता हे बाराही महिने खिशात ठेवायचं आणि कधीतरीच चालवायचं मशीन आहे, रेंजवर शनिवार-रविवार बडवायचं नाही. म्हटलं घ्यायचं तर घे, पण सिलिंडरच्या तोंडावरची काजळी पॉलिश पेपरनं किंवा घासणीनं घासायची नाही, वरचा थर गेला की टायटॅनियम खायला सुरुवात होते. तुझी आई सध्या तिकडंच आहे आणि तिच्या हाताला घरातली कुठलीही काळी पडलेली वस्तू लागली की ती थेट तारेच्या घासणीखाली जाते, तेव्हा तिजोरीचा नंबर तिला सांगू नकोस.